दीडचा कॉल

३ फेब्रुवारी
सगळं फिरलं ते आज सकाळी सव्वानऊला. रनिंग रूमच्या दारात निकिता. खांद्यावर बॅग, डोळे लाल. पॉलिटेक्निकात माझ्या पुढच्या बाकावर बसायची. मी सरांची कॉलर धरली आणि कॉलेज सोडून घरी बसलो, ती सहायक लोको पायलट झाली. रात्रभर गाडी चालवून येणारे इथं दिवसा झोपतात. त्यांच्या चादरी मी बदलतो.
"अरे, तू इथं काहून?"
मी उशी दिली.

९ फेब्रु.
एकटी असली की मराठी. चारचौघांत हिंदी: "भैया, चादर." भैया! घरी ब्राह्मणपाऱ्यापर्यंत बाइक नुसती पळवत गेलो.

१७ फेब्रु.
ड्यूटी लावणाऱ्या लॉबीतून फोन: निकिताला दुपारी दीडला कॉल. म्हणजे दार ठोकायचं, उठवायचं, कॉल बुकात सही घ्यायची. सलग तिसरी रात्र करून आली होती बिचारी. म्हटलं, झोपू दे अर्धा तास. दोनला ठोकलं. घाईत तिनं सही केली, वेळेचा रकाना कोराच राहिला.
गाडी तिच्यापायी अडकली. लॉबीचा फोन आला तशी निघता निघता मेसमध्येच माझ्यावर भडकली.
"मले वेळेवर काहून नाही उठवलं? अजून परमनंट नाही मी, माहीत आहे ना तुले?"
"तुझ्यासाठीच..."
"तुले कोणी सांगितलं होतं? स्वतः कॉलेज सोडून बसला, आता माझीबी नोकरी घालव!"
मेसमधले सगळे हसले.
संध्याकाळी शुक्लाजी, आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर: "डेढ़ बजे भर दे. बोल, तीन बार ठोका, मैडम नहीं उठीं."
भरलं. दीड. राग होता. अजून आहे.

२१ फेब्रु.
तिला ड्यूटीवरून उतरवलं. चौकशी लागली. उशिरा उठवलं म्हणते, कोणी मानत नाही. सही तिची, आकडा माझा.
आई विचारते, पोट्टा जेवत काहून नाही. काय सांगू. हलकट आहे तुझा पोट्टा.

२४ फेब्रु.
चौकशीच्या साहेबांसाठी अर्ज दिला. कॉल दोनला दिला, दीड मी मागून भरलं. खाली पूर्ण नाव.
शुक्लाजीनं दोनदा वाचला. "अब दो कागज हो गए, बेटा. साहब कौन-सा मानेंगे?"
"हा, आजचा."
"हव. और तेरी नौकरी?"
चाव्या त्याच्या टेबलावर टाकल्या. निकिताला फोन लावला, उचलला नाही. परत लावला. बंद.
निघताना दार असं आपटणार होतो की भिंत हलली पाहिजे. पण आत अकरा जण झोपलेले, रात्रीच्या गाड्या करून. कडी हातात धरून, आवाज न करता लावलं.