बडीशेपेवरचा लांबशिंग्या

३ एप्रिल

दादाचं ठरलंय – मागच्या अंगणातला ओंडका उद्या फाडायचा. म्हणे कीड लागलीय, घराची दारं खाईल. किती वेळा सांगू! त्या अळ्या कुजकंच लाकूड खातात, दाराला तोंडही लावणार नाहीत. वर्षं-वर्षं आत काढतात आणि भुंगेरे होऊन बाहेर आले की थेट फुलांवर. "घर माझं आहे," म्हणाला. असेल. ओंडका हलणार नाही.

४ एप्रिल

करवतवाला आला. मी ओंडक्यावर बसून राहिले. "बाई, उठा, मला दुसरीकडे जायचंय." म्हटलं, जा की! गेला. दादानं अबोला धरलाय. बरंच झालं.

६ एप्रिल

बडीशेपेच्या फुलांवर पहिला लांबशिंग्या भुंगेरा. गांधीलमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, अंगाएवढी शिंगं, तोंड परागांनी माखलेलं. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तरी अजून छाती धडधडते. वहिनी कपडे वाळत घालत होती. "चावतो का हो, वन्सं?" नाही म्हटल्यावर तिनं बोट पुढे केलं. तो चढला, पार कोपरापर्यंत गेला. वहिनी खुदकन हसली. या घरात तिला अशी हसताना मी पाहिलीच नव्हती.

९ एप्रिल

मी बाजारात गेले आणि दादानं डाव साधला. औषध मारलं. फुलांखाली सगळे भुंगेरे उताणे, काहींचे पाय अजून हलताहेत. वहिनी नळाखाली हात घासत होती, थांबेचना. "पंप मलाच धरायला लावला. नको म्हटलं, तर म्हणाले, तुला कुणी विचारलंय?"

मी रडले नाही. ओंडक्याला कान लावला. आत कुरतडणं चालू आहे. तिथवर औषध पोचलेलं नाही.

१० एप्रिल

भाड्याची खोली पाहिली. लहान आहे, पण मागे मोकळी जागा. दादाला सांगून टाकलं – मी चालले, ओंडका घेऊन.

"लाकडासाठी भाऊ सोडतेस? लोक हसतील."

हसू देत.

१२ एप्रिल

टेम्पो आला. ओंडका चढवताना हमालांचा घाम निघाला. दादा दार लावून आत. मी पुढे बसायला गेले, तर ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जरा दाटीवाटीनं बसावं लागेल."

वहिनी आधीच बसलेली. मांडीवर कपड्यांची पिशवी. नजर समोर.

"वन्सं, समजूत घालू नका. मी उतरणार नाही."