नजरेला काबिली येत नाही

प्रकाशा, ता. शहादा
१९ फेब्रुवारी १९६१

राजमान्य राजेश्री नथ्थूशेठ, मुक्काम अहमदाबाद, यांस त्यांच्या थोरल्या बहिणीचा नवरा रूपचंद मास्तर याचा सप्रेम नमस्कार. इकडे सर्व क्षेम. आपली प्रकृती कशी आहे, तिकडच्या डाळीत गूळ घालतात तो आता मानवतो की अजून बोचतो, हे सवडीने कळवावे. तुझी बहीण सरला बरी आहे, म्हैस बरी आहे, माझे गुडघे बरे नाहीत. पत्राला खास कारण काही नाही. शाई सरकारी आहे, दुपार मोकळी आहे, म्हणून लिहायला बसलो. (इथपर्यंत तुला मान दिला. आता आपण-तुम्ही पुरे.)

तर बाबा, सरकारने यंदा देशातली सगळी माणसे मोजायला काढली आहेत, आणि आपल्या गल्लीची शिरगणती माझ्या गळ्यात पडली. मला वाटले सोपे काम. आपली गल्ली, आपली माणसे, घरोघर चहा. सुरुवात मानाने सासुरवाडीपासून करावी म्हणून तुझ्या घरी गेलो, ओट्यावर बसलो, पेनाचे टोपण काढले, आणि दाराआडून तुझ्या आईचा आवाज आला. तापीबाई जावयाशी समोर येऊन बोलत नाहीत हे तुला माहीत आहे. लग्नापासून आजवर त्या माझ्याशी जे काही बोलल्या ते सगळे म्हशीच्या मार्फत. "वं चंद्री, मास्तरले सांग, मन्हा घरमा माणसं मोजाना नहीत." चंद्रीने माझ्याकडे पाहिले आणि रवंथ चालू ठेवला.

मोजले की नजर लागते, हा त्यांचा जुना कायदा. खळ्यावर दाणे मापताना पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, इथवर सारा गाव पाळतो. तुझ्या आईचे तेवढ्यावर भागत नाही. त्या गुरे मोजत नाहीत, पोरे मोजत नाहीत, ताटातल्या भाकरीसुद्धा मोजू देत नाहीत. (हे शेवटचे मला सोयीचे पडते.) तू म्हणशील, जावयाला घरातली माणसे ठाऊक नाहीत का? ठाऊक आहेत. पण घरच्यांनी तोंडाने सांगितल्याशिवाय लिहायचे नाही असा नियम आहे, आणि चोरून लिहावे तर तुझी बहीण माझ्याच घरात राहते. तिच्या पोटात गोष्ट चुलीवर पाणी तापेपर्यंतही टिकत नाही. पुढच्या घरी गेलो तर रुक्मिणीबाई म्हणाली, आधी तापीबाईचे घर, मग आमचे. भिकुबाई तेच म्हणाली. बघता बघता सगळी गल्ली कडी लावून बसली. शिरगणतीच्या साहेबांनी बजावले की गल्ली कोरी राहिली तर मास्तरांची बदली पार अक्कलकुव्याच्या पलीकडे, डोंगरात. सरला म्हणाली, खुशाल जा, मी आईजवळ राहीन. म्हणजे नोकरी आणि संसार दोन्ही एका म्हशीच्या हाती.

मी पुन्हा ओट्यावर जाऊन बसलो आणि चंद्रीमार्फत बोलणी लावली. निघाले ते असे. नजरेला अहिराणी येते, कारण ती इथलीच. गुजराती येते, कारण गुजरातेतून आलेल्या आपल्या पूर्वजांच्या गाड्यांबरोबर तीही आली. हिंदी ती यात्रेत शिकली. इंग्रजीही येते, कारण एका गोऱ्या साहेबाने तुझ्या आजोबांचे बैल इंग्रजीत मोजले आणि त्यातला एक लंगडा झाला. तेव्हा मी चंद्रीला विचारले, नजरेला येतच नाही अशा भाषेत मोजले तर? आत बांगड्या वाजल्या. मग आवाज आला, "चंद्री, तशी भाषा शे का, इचार."

तशी भाषा निघाली चक्कीवाल्या भिलाकडे. भिला दुसऱ्या महायुद्धात लष्करी लॉरी घेऊन आफ्रिकेत होता, आणि लॉरीसकट खड्ड्यात गेल्यावर अल्जेरिया नावाच्या देशात इस्पितळात पडून होता, हे त्याने तुलाही शंभरदा सांगितले असेल. त्याच्या शेजारच्या खाटेवर तिथल्या डोंगरातला, काबील जमातीचा एक शिपाई होता, त्याची भाषा काबिली. दोघांचेही पाय प्लास्टरात, त्यामुळे भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नव्हते. भिलाने मला अंक शिकवायचे कबूल केले, पण चक्की न थांबवता. मी गोणीचे तोंड धरायचे आणि त्या घरघराटात तो ओरडणार, यीवेन! मी ओरडणार, यीवेन! सीन, तलाता, रबआ, खमसा. (एक आणि दोन एवढेच काबिलांचे घरचे, पुढचे अरब शेजाऱ्यांकडून आणलेले, आपण विरजण आणतो तसे. बाई असेल तर यीवेनचे यीवेत होते. सरकारी कागद नेमके हेच विचारतो, म्हणून भाषा मला फार पसंत पडली.) मी अंगभर पीठ घेऊन घरी जायचो आणि जेवताना घास मोजायचो. सत्ता, सबआ, तमानिया. तुझ्या बहिणीने हे दोन दिवस ऐकले आणि तिसऱ्या दिवशी माझ्यावरून मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसक्याने मी तसआ, म्हणजे नऊ, विसरलो, पुन्हा चक्कीवर जावे लागले.

भिलाने जाता जाता एक सांगितले, ते कृपा करून आईंना कळवू नकोस. त्या काबिलाच्या गावीही बायका माणसे मोजत नाहीत, दाणे मापताना आकडा तोंडाने काढत नाहीत. म्हणजे तिकडेही नजर आहे आणि तिला काबिली चांगली येते. पण ती समुद्रापलीकडची. प्रकाशाला यायची तिला काय गरज?

आईंनी अट घातली की मोजायचे त्यांनीच, मास्तराने नाही. म्हणून मी चंद्रीला काबिली शिकवली आणि आईंनी दाराआडून ती माझ्यापेक्षा लवकर उचलली. काल सकाळी सगळ्यांना अंगणात उभे केले. तुझे वडील, मोतीलालभाऊ, रंजनावहिनी, त्यांची तिन्ही पोरे, आत्या. आई उंबऱ्यात पदर ओढून उभ्या. यीवेन, सीन करत स्वतःला धरून तमानियापर्यंत आल्या. मी आठचा आकडा काढायला पेन टेकवला, तोच त्या म्हणाल्या, तसआ. मी म्हटले, चंद्रे, आईंना सांग, माणसे आठच आहेत. तशा त्या पदर मागे सारून थेट माझ्यासमोर आल्या. म्हशीला मध्ये घेतलेच नाही. "मास्तर, मन्हा नथ्थूले कोण मोजी?"

नथ्थू, तुला आठवतच असेल. दहा वर्षांपूर्वीच्या शिरगणतीत तुम्हा सगळ्यांना याच अंगणात बोट दाखवून मोजले होते आणि त्याच वर्षी तू विहिरीवर तेलाचे इंजिन बसवायच्या हट्टावरून वडिलांशी भांडून घर सोडलेस. "त्या वखतले मोजं, नि मन्हा पोऱ्या गया," एवढेच त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. माझेही डोळे भरून आले, ते मी चक्कीच्या पिठावर ढकलले.

असो. आता सगळी गल्ली यीवेन-सीन करून मोजून झाली, बदली टळली. तू आपल्या कामात आहेस. उगाच रजा काढून येण्याची तसदी घेऊ नकोस.

तुझा,
रूपचंद

ता. क. : तुझे वडील परवा चक्कीवर आले होते. तेलाचे इंजिन शिकायला अवघड असते का, आपल्याकडच्या कोणाला ते चालवता येते का, असे भिलाला विचारत होते. दुसरा प्रश्न त्यांनी दोनदा विचारला.

आणखी एक : जो घरात हजर तोच मोजायचा, असा शिरगणतीचा नियम आहे. खोटे लिहिणाऱ्या मास्तराची नोकरी जाते. एक ते तीन मार्चला पुन्हा घरोघर फिरून आकडे पडताळायचे आहेत, आणि या खेपेला साहेब स्वतः बरोबर येणार आहेत.

शेवटचे : मी नऊ लिहिले आहेत. शाईने.