कधीही या, मजला एकोणिसावा

३ नोव्हेंबर
आजपासून नवं घर आणि नवी रोजनिशी. परळ, एकोणिसावा मजला, वन बीएचके, भाड्याने. इमारत इतकी कोरी की लिफ्टच्या आतलं प्लॅस्टिकही अजून काढलेलं नाही.
इतके दिवस भोईवाड्यात एका खोलीत आई-बाबा, दीपकदादा, वहिनी, त्यांची पोरं आणि आम्ही दोघं. लग्नाला वर्ष झालं, पण अनुजाशी निवांत बोललो ते फक्त साखरपुड्याआधी. गणपतीनंतर ती गिरगावला माहेरी गेली. भांडण वगैरे काही नाही. एवढंच म्हणाली, “आतून बंद होणारं दार असेल असं घर बघ, मी येते.”
बेडरूमचं दार आतून बंद होतं. बऱ्याचदा करून पाहिलं.

५ नोव्हेंबर
अनुजा पंधरा तारखेला येतेय. तोवर आणि त्यानंतरही पाहुणे बंद. कप मुद्दाम दोनच घेतले. गाववाल्यांना पत्ता द्यायचा नाही. मी ठरवलं की ठरवलं.

६ नोव्हेंबर
गावच्या मंडळाच्या ग्रुपवर बाल्कनीचा फोटो टाकला. निव्वळ माहितीसाठी. मंडळाचा सेक्रेटरी रघुवीर विरारला फ्लॅट घेतल्यापासून हवेत आहे. हवा नक्की कुठल्या मजल्यावर असते ते त्याला कळावं, एवढंच. खाली लिहिलं, ‘कधीही या.’ असं लिहायची पद्धत असते, येत कोणी नाही. रघुवीरने लोकेशन मागितलं. न पाठवणं बरं दिसलं नसतं.

८ नोव्हेंबर, सकाळी
एक गोष्ट विसरलो. भातकापणी आटोपली की आमच्या गावची वर्षभर साठवलेली सगळी दुखणी परळच्या हॉस्पिटलांत येतात.
बाबांचे चुलतभाऊ दौलतकाका आणि सुभद्राकाकू गेटवर. इथे वॉचमन ॲपवर विचारतो, आपण हो किंवा नाही दाबायचं. मी ‘नाही’च दाबणार होतो, पण माझा अंगठा जाड आहे. काकांचा मोतीबिंदू. म्हणाले, “झिला, दोन दिस रवतलव आणि जातलव.”
दोन दिवस म्हणजे काहीच नाही. काका शब्दाचे पक्के.

१० नोव्हेंबर
दोन दिवस झाले. कोणते दोन, ते काकांनी सांगितलं नव्हतं.
काल ऑपरेशन झालं, डोळ्याला धूळ नको म्हणून बेडरूम त्यांना दिली. काकूंनी बाल्कनीत सुके बांगडे उन्हात घातले. सोसायटीच्या मॅनेजर नूपुर मॅडमचा फोन, वास कसला? मी म्हटलं, समुद्र जवळ आहे. त्यांना पटलं असावं, फोन लगेच ठेवला.

१२ नोव्हेंबर
रघुवीर आला, सोबत गावचे कुशाबा आणि त्यांची मुलगी माया. कुशाबांचे गुडघे, दोन्ही. कुशाबांना सोफ्यावर बसवून रघुवीरने ग्रुपवर जाहीर केलं, ‘परळमध्ये मंडळाची कायमची सोय झाली आहे.’ तो विरारला परतला, इकडे धडाधड अंगठे आले. मीही दिला. सगळ्यांनी दिला आणि आपणच नाही, हे वाईट दिसतं.
अनुजाने फोनवर विचारलं, खोकतंय कोण? टीव्ही, म्हटलं. टीव्ही अजून घेतलेला नाही.

१४ नोव्हेंबर
आज सगळ्यांना स्पष्ट सांगायचं. बाथरूमच्या आरशासमोर भाषणाची तालीम केली, पण बाहेर रांग लागली म्हणून शेवट राहिला. अनुजाची फार आठवण येते. एवढा शहाणा माणूस मी, तरी येते.
काकांसमोर उभा राहिलो. त्यांच्या डोळ्यावरची पट्टी नुकतीच काढलेली. म्हणाले, “पयला तुझाच तोंड दिसला रे.”
यानंतर कोण भाषण करेल? सगळ्यांसाठी चहा टाकला. दोन कप धुऊन-धुऊन पुरवले.

१५ नोव्हेंबर
अनुजा आली. दारातल्या चपला बघून तिला वाटलं मजला चुकला. मी तिला परिस्थिती नीट समजावणार, तेवढ्यात काकूंनी तिची बॅग घेतली, जेवायला वाढलं. जेवून उठल्यावर अनुजाने काकूंना सरळच सांगितलं, की मला आतून बंद होणारी खोली हवी होती, म्हणून हे घर घेतलं.
मी डोळे मिटून घेतले.
काकू माझ्यावरच उखडल्या. आधी सांगायला तुझ्या तोंडात काय बांगडा होता, म्हणाल्या. काकांचं अंथरूण त्यांनी स्वतः उचलून हॉलमध्ये टाकलं. “चेडवा, खोली तुझी,” अनुजाला म्हणाल्या.
एवढं सोपं होतं तर. मी वातावरण तयार करून ठेवलं होतं म्हणून जमलं.

१६ नोव्हेंबर
अनुजा खूश आहे. लग्नानंतर पहिल्यांदा शांत झोप लागली म्हणे. दार आतून बंद होतं. नवी सून एकटी घाबरेल म्हणून काकू आत झोपल्या, आणि बायामाणसं हॉलमध्ये नकोत म्हणून मायाही. मी हॉलमध्ये, काका आणि कुशाबांच्या मधे. तात्पुरतं आहे. कुशाबांच्या दुसऱ्या गुडघ्याची तारीख लागली की बोलतोच.
संध्याकाळी ऑफिसातून आलो. तिघी आत, हसण्याचा आवाज. अनुजासाठी गजरा आणला होता. दारावर टकटक केलं.
आतून काकूंनी विचारलं, “कोण आसा?”
मी म्हटलं, कोणी नाही.