नहराकाठून राजिम

७ सप्टेंबर, रविवार

ईराचा फोन आला तेव्हा एका हातात बेडपॅन होतं. दुसऱ्या हाताने उचलला. "दीदी, वो नहरवाला मोड़ नहीं मिल रहा!" मागे वारा. टायरखाली खडी. कुणीतरी मोठ्याने हसत होतं.

सांगितलं — अभनपूरच्या अलीकडे शेंदूर फासलेला चबुतरा दिसेल, तिथे डांबरी सोड, नहराच्या, म्हणजे कालव्याच्या बांधावर चढ, मग पाणी डाव्या हाताला ठेवून सरळ नवापाऱ्यापर्यंत. ट्रक नाही, हॉर्न नाही. पूल ओलांडला की राजिम. "मिल गया!" म्हणाली आणि फोन ठेवला. ठेवणारच, ती सायकलवर होती!

हा रस्ता माझा आहे. दोन हिवाळे रविवारी-रविवारी हिंडून मी शोधला. आधी नहर, मग राजिमचा संगम, मग पैरी नदीच्या काठाने पांडुका, आणि तिथून जटमईच्या डोंगरातलं साल-सागाचं रान. आमच्या सायकल ग्रुपमधले लोक डांबरी सोडायला घाबरायचे, त्यांना मी बांधावर चढवलं. आता ते जातात, आणि मी तात्यापाऱ्यातल्या घरात बसून फोनवर वळणं सांगते.

सासूबाई पलंगावरून — "कोणाचा फोन होता?"

ईराचा, आई.

"इतक्या सकाळी? त्या पोट्टीले घरदार नाही का?"

बेडपॅन धुतलं.

१० सप्टेंबर, बुधवार

सासऱ्यांचं, बाबांचं श्राद्ध. श्यामकांत नोकरीच्या गावाहून, कोरब्याहून आला, जेवला, संध्याकाळच्या गाडीने परत. नवरा आहे की पाहुणा! जूनमध्ये आई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा चार दिवस राहिला होता. त्यानंतर असाच.

आईंनी पुन्हा ती स्कूटरची गोष्ट सांगितली. त्या वर्षी चुलत घरात कुणी गेलं होतं, सुतक होतं, म्हणून खंडेनवमीला स्कूटरची पूजा झाली नाही. आणि दिवाळीच्या आधीच बाबांना ट्रकने उडवलं. "एक फूल वाहून देती तर काय झालं असतं? कोण पाहून राहिलं होतं?" दर वर्षी ऐकते. आज पहिल्यांदा त्यांचा आवाज फाटला. मी पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला तर म्हणाल्या, "तू नको जात जाऊ त्या सायकलीवर."

१३ सप्टेंबर, शनिवार

डॉक्टरकडे नेलं. म्हणाले, "एक्स-रे तो बढ़िया है। अब तक माताजी को वॉकर पे चलना चाहिए था।" वॉकर पुढे ठेवला तर आईंनी डोळे घट्ट मिटले — "नाही जमत मले! काहून जीव घेऊन राहिले?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मीच त्यांना बांधून ठेवलंय.

कुणी कुणाला बांधलंय ते मी त्यांना काय सांगू.

१६ सप्टेंबर, मंगळवार

मीराबाईंना बोलावलं होतं. आजाऱ्यांची सेवा करण्यात त्यांचा हात चांगला, गुढियारीत सगळे नाव घेतात. सकाळी आल्या, दुपारी गेल्या. आई तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून पडून! "परक्या बाईनं मले हात लावायचा नाही. माझी सून आहे ना." शेवटचं वाक्य मीराबाईंना ऐकू जाईल असं म्हणाल्या. मीराबाई चप्पल घालताना हळूच बोलल्या, "दीदी, जब भी बुलाओगे, आ जाऊँगी. ये बुढ़ापे की ज़िद है."

सून आहे ना. हो, आहे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

सायकलची दोन्ही चाकं बसली होती. हवा भरली. कशाला भरली कोण जाणे.

२१ सप्टेंबर, रविवार

ठरलं! दसरा झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं, तीन दिवस. पहिला मुक्काम राजिम, दुसरा जटमईच्या पायथ्याशी, परत येताना नदीचा काठ. माझाच रस्ता, पहिल्यांदा सगळा सलग. ईरा म्हणाली, "आप नहीं आओगे तो काहे का मज़ा?"

श्यामकांतला फोन केला. तयारीने बोलले, वाद घालायच्या तयारीने. तो म्हणाला, "ये ना जाऊन. मी सुटी टाकतो, दसऱ्याले येतो, आईजवळ राहतो." इतकं सोपं? मी ग्रुपवर लिहून टाकलं — येतेय. मागच्या पडवीत जाऊन चेनला तेल दिलं. जून महिन्यापासून हात असे काळे झाले नव्हते. साबणाने धुवावेसेच वाटेनात.

पावसाळ्यानंतर पैरीचं पाणी अजून मोठं असेल. पांडुका सोडलं की सावली लागते आणि एकदम गार होतं, पाच मिनिटं कुणी बोलत नाही. ते हवंय मला. ती पाच मिनिटं.

२४ सप्टेंबर, बुधवार

आईंचं दुखणं वाढलंय. ग्रुपवर लिहिलं त्याच दिवसापासून. (मी दुष्ट आहे का? असेन.) जेवणाचं ताट तसंच परत. "तू जा. मी पडून राहीन. मले काय होते!" मग थोड्या वेळाने — "तू त्या सायकलीवर बसली ना, की तू परत येतपर्यंत माझा जीव टांगणीले. तुले काय समजते!"

समजतं. पण मी काय स्कूटर आहे? मी काय बाबा आहे?

२८ सप्टेंबर, रविवार

श्यामकांत येणार नाही. "अगं यार, प्लांटचा शटडाउन लागून राहिला, सुट्ट्या कॅन्सल." मी म्हटलं, तुझी आई आहे. म्हणाला, "मग? मी काय मजा करून राहिलो इथं?" आणि वर — "जंगल कुठं पळून चाललं का? पुढच्या वर्षी जा."

पुढच्या वर्षी! यांच्या घरात माझं सगळं पुढच्या वर्षी असतं. पीएचडी पुढच्या वर्षी, नोकरी पुढच्या वर्षी. न्हाणीघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि रडले. बाहेर आले तर आई विचारतात, "इतका वेळ नळ काहून चालू होता?" या घरात रडायलासुद्धा पाण्याचा हिशेब द्यावा लागतो.

ग्रुपवर लिहिलं — जमणार नाही. यशवंतरावांनी हात जोडलेलं चित्र पाठवलं. भले गृहस्थ आहेत, पण त्या चित्राने तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय मेले?

आज आईंनी दोन पोळ्या खाल्ल्या. वर ताक.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

पलंगावरून हुकूम सुटत होते, मी पूजा करत होते. मिक्सरला कुंकू. शिलाईमशीनला. विळी, कात्री, हातोडी. दारातल्या मोपेडला झेंडूची माळ. पुरानी बस्तीतून आईंच्या भावाने टोपलीभर फुलं पाठवली होती. उरलेली देवघरात ठेवली.

सायकलकडे गेलेच नाही. मुद्दाम. जिला कुठे जायचंच नाही तिची पूजा कशाला? उभी राहू दे पडवीत, माझ्यासारखी.

"सायकलीले वाह्यलं का फूल?"

वाहिलं, म्हटलं.

"कुंकू?"

लावलं, आई!

जरा चिडूनच बोलले. त्यांनी माझ्या कानांकडे पाहिलं. खोटं बोलताना माझे कान लाल होतात म्हणे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा



सकाळी केरसुणी घ्यायला मागच्या पडवीत गेले. सायकलच्या हँडलवर झेंडूचं फूल, ब्रेकच्या तारेत नीट खोवलेलं. पुढे दांडीवर कुंकू. चाकाखाली अक्षता.

आधी वाटलं, मीच केलं असेल आणि विसरले. पण नाही, सायकलकडे मी फिरकलेच नव्हते. रात्रभर घरात आम्ही दोघीच. दार आतून बंद. पडवीत यायचं तर देवघरावरून, स्वयंपाकघर ओलांडून, दोन पायऱ्या उतराव्या लागतात.

रोजच्यासारखं गरम पाणी नेलं, अंग पुसायला. "झोप लागली का, आई?" "कुठली झोप! पाठ मोडून राहिली." चादर वर केली. त्यांचे तळपाय मी रोज पुसते, तान्ह्या बाळासारखे स्वच्छ असतात. आज धुळीने करडे होते. पुसले. एक पुसला, मग दुसरा. त्यांनी डोळे मिटून घेतले, वॉकर पाहून मिटतात तसे घट्ट.

किती दिवसांपासून? मी बाजारात गेले की चालतात? बेडपॅन — नको, तो विचारच नको. इतका राग आला की पाण्याचं घमेलं तिथेच टाकून निघून जावंसं वाटलं. देवळात, स्टेशनवर, कुठेही! आणि त्याच वेळी डोळ्यांपुढे दिसत होतं — म्हातारी अंधारात भिंत धरून पायऱ्या उतरते आहे, एका हातात फूल. पडली असती तर? माझ्या बोलण्यावर विश्वास नव्हता म्हणून. माझं बाबांसारखं होऊ नये म्हणून. जिला जाऊ द्यायचं नाही तिच्या सायकलीला फूल!

आई, मी तुमच्यावर रागवू कशी ते तरी सांगा.

दुपारी दोन फोन केले. एक ईराला. एक मीराबाईंना.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. राजिम

पुलाजवळ चहाला थांबलोय. वही सायकलच्या पिशवीत, पॅनिअरमध्ये घालून आणली.

निघताना आईंना म्हटलं, मीराबाई नऊला येतील, मी येईपर्यंत इथेच राहतील. चहा थर्मासमध्ये आहे, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर. पलंगाशी ठेवला नाही. सायकल बाहेर काढली, फूल तसंच ठेवलं, आणि दारातून म्हटलं, "आई, कडी आतून लावून घ्या."

गल्लीत उभी राहिले. बराच वेळ काहीच नाही.

मग कडी लागली.