ताई, तुझा फिल्टर गळत नाही

॥ श्री ॥

लालबाग, बऱ्हाणपूर
मंगळवार, दि. १९ फेब्रुवारी १९५७

ती. सौ. सुलभाताईस प्रभाकरचा शिरसाष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी तूर्त शिराचाच स्वीकार व्हावा. कंबर धरली आहे, त्यामुळे बाकीची जमिनीला टेकत नाहीत. ती का धरली हे पुढे येईलच, कारण त्याचं मूळ तुझ्याच पार्सलात आहे.) ती. भावोजींचा खोकला कसा आहे? पहाटे फिरायला जाऊ नका म्हणून त्यांना माझ्या वतीनं सांग. ऐकणार नाहीत, पण सांग. इकडे सर्व खुशाल, म्हणजे कोणी दवाखान्यात नाही. आम्ही जागचे हललो नाही, पण नोव्हेंबरात राजधानी मात्र नागपूरहून उठून भोपाळला गेली. आता शाळेत इंदूरकडचे, ग्वाल्हेरकडचे आणि भोपाळकडचे असे तीन तऱ्हेचे कागद येतात. मी तिन्हींना मराठीत उत्तर देतो. अजून एकाचीही तक्रार आलेली नाही, त्या अर्थी कोणी वाचत नसावं.

आता मुद्दा. ताई, मी हबकलो आहे. सत्तेचाळीस वर्षांच्या आयुष्यात एवढा हबकलो नव्हतो. तू लिहिलंस की नेपानगरच्या कागद कारखान्यात अनंत नावाचा इंजिनियर आहे, घर मराठी पण दोन पिढ्या तुमच्याच बंगलोरला, आई गोदाबाई मुलाकडे आल्या आहेत, त्या आपली शोभा बघायला येतील. माणसं साधी, देण्याघेण्याची बात नाही, फक्त चहा घेत नाहीत. 'कॉफी नीट कर, गोदाबाई कॉफीवरून घर ओळखतात,' हे तुझे शब्द. सोबत पुडीचा डबा आणि तो पितळी फिल्टर. मी म्हटलं, एवढंच ना? याआधीची दोन स्थळं 'कळवतो' म्हणून गेली आणि अजून कळवताहेत. दुसरं गेलं त्या दिवशी शोभा न जेवता शाळेच्या पोरींच्या वह्या तपासत बसली होती, आणि सगळ्या वर्गाला पैकीच्या पैकी देऊन मोकळी झाली होती. मी पाहिलं. तेव्हाच ठरवलं की तिसरं स्थळ निदान आपल्या चुकीनं जाता कामा नये. म्हणून कॉफीचं खातं मी स्वतःकडे घेतलं. (शोभा म्हणाली होती, 'बाबा, मी बघू का?' मी म्हटलं, यंत्राचं काम आहे, तू साडीचं बघ.)

पार्सल आल्यावर पहिल्याच रविवारी सकाळी सातला फिल्टर मांडला. तुझा कागद भिंतीला लावला. 'वरच्या भांड्यात पूड घाल, उकळतं पाणी ओत, झाकण ठेव आणि थांब. कॉफीला घाई चालत नाही.' थांबलो. किती थांबायचं हे तू लिहिलं नव्हतंस, आणि घाई चालत नाही हे मात्र खाली रेघ ओढून लिहिलं होतंस. आठला खालचं भांडं उघडलं, कोरडं. नऊला कोरडं. अकराला शारदा म्हणाली, मला चूल हवी आहे. दुपारी वर पाणी जसंच्या तसं, थंडगार, आणि खाली एक मुंगी. ताई, ती मुंगीसुद्धा हबकलेली दिसत होती. शोभा म्हणाली, 'बाबा, भांड्याला भोकं आहेत का बघू?' मी तिला चांगलंच झापलं. म्हटलं, बंगलोरचे लोक काय बिनभोकाचं पाठवतील? तुझ्या आत्यानं पाठवलंय ते!

मग इलाज सुरू झाले. पूड जास्त घातली, कमी घातली, चाळून घातली. पाणी असं उकळलं की पातेल्याचा रंग गेला. फिल्टर उजवीकडे कलता केला, डावीकडे केला, बत्त्यानं वरून दोन टोले दिले. शेवटी शाळेतून आमचे सायन्सचे भाईदास मास्तर आणले. त्यांनी फिल्टरला कान लावला आणि 'हवा अडकली आहे' असं निदान केलं. हवेला हवेनंच हाकलायचं असं त्यांच्या शास्त्रात आहे म्हणे. झाकणाच्या कडेनं कणीक लावली, कणकेत नळी खोचली आणि माझ्या सायकलचा पंप जोडला. मी पंप मारत होतो, मास्तर मोजत होते. सातव्याला झाकण उडालं. कॉफी मास्तरांच्या पांढऱ्या कोटावर, कॅलेंडरावर आणि थेट आढ्यापर्यंत गेली. जिथं जायला हवी होती तिथं, म्हणजे खालच्या भांड्यात, एक थेंब नाही! मी मागे सरकलो तो पाटावरून घसरलो. कंबर ती ही. मास्तर जाताना म्हणाले, 'दाब बरोबर होता.'

फिल्टर असा रुसल्यावर मी इतर पद्धती तपासल्या. पहिली आपली घरची: पातेल्यात दूध, साखर, वरून पूड, एक उकळी, वेलदोडा आणि जायफळ. चवीला उत्तम. पण शारदेचा हात जायफळाला सढळ. कॉफीनं झोप उडते असं ऐकून होतो, इथं दुपारी तीनला सगळं घर घोरत होतं आणि दूधवाला दारात हाका मारून परत गेला. दुसरी फडक्याची: पूड फडक्यात बांधायची आणि वरून पाणी सोडायचं. ही खरं तर जमली असती. पण आमच्या घरात खळ न घातलेलं फडकं नाही. (शारदा माझ्या रुमालालाही खळ घालते. शिंकलं की नाक सोलतं.) कॉफी खाली उतरली ती पेजेसारखी, चमचा उभा राहील अशी. तेव्हा निकाल असा की पातेल्याची कॉफी झोपवते, फडक्याची पोट भरते आणि फिल्टरची होतच नाही. पाहुण्यांसाठी नाइलाजानं पातेलं ठरलं.

परवा रविवारी मंडळी आली. अनंत उंच, सावळा, फार बोलत नाही, पण जे दिसेल ते उचलून उलटं करून बघतो. बसल्या बसल्या त्यानं आमचा अडकित्ता बघितला, पानाचा डबा बघितला. गोदाबाई सत्तरीच्या आत, नाकात दोन्हीकडे चमक्या, बोलणं मराठीच पण कानडी हेलाचं. शोभेनं कपबशा आणल्या. गोदाबाईंनी घोट घेतला, कप खाली ठेवला आणि अगदी प्रेमानं म्हणाल्या, 'खीर बरी झाली हो. कॉफी केव्हा येते?'

शारदेनं डोळे मिटले. तेवढ्यानं भागलं असतं तर! गोदाबाई देवाला नमस्कार करायला उठल्या आणि देवघरासमोर तशाच उभ्या राहिल्या. ताई, तुझ्या पार्सलात फिल्टरबरोबर एक पितळेची चकती होती, मधोमध दांडी असलेली. तुझ्या कागदात तिचा उल्लेख नव्हता. आम्हाला वाटलं, तू बाळकृष्णाला छत्र पाठवलंस. शारदेनं ते चिंचेनं घासून देवाच्या डोक्यावर धरलं होतं आणि रोज त्याला गंध लागत होतं. गोदाबाई हात जोडून म्हणाल्या, 'देवा, तुम्ही कॉफीची पूड दाबायला कधी लागलात?'

मी म्हणणार होतो की सगळी त्या बंगलोरच्या दुकानाची लबाडी आहे, तोच त्या म्हणाल्या, 'फिल्टर आमच्या भावाच्या दुकानचाच दिसतो. सुलभाबाईंना मीच तिथं नेलं होतं.' मी तोंड उघडलं होतं, ते तसंच जांभई म्हणून मिटवलं.

तेव्हा अनंत उठला. म्हणाला, 'बघू फिल्टर.' त्यानं वरचं भांडं खिडकीसमोर धरलं, एक डोळा मिटला, दुसऱ्यानं बघितलं, मग डोळे बदलले. आणि ताई, तोही हबकला. म्हणाला, 'यातून उजेडच येत नाही. याला भोकं नाहीत.' शोभा दारात होती. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. बोलली असती तर परवडलं असतं.

मग शारदेला आठवलं. पार्सल आलं त्याच दिवशी तिनं इतर भांड्यांबरोबर फिल्टर कल्हईला दिला होता. (नवं पितळ कल्हईशिवाय चुलीशी आणायचं नाही, हे तुलाही आईनं शिकवलंय. तू विसरलीस असं तिला वाटलं.) कल्हईवाला कडू समोरच्या वळणावरच भाता मांडून बसतो. बोलावला. तो हसतच आला, बक्षिसाच्या आशेनं. 'बाई, तुम्हाले त्या बेंगलोरवाल्यानं ठगलं होतं. पेंदा पुरा छलनी! पाणी कसं टिकंल त्याच्यात? मी एक एक छेद डाग देऊन बंद केला. दोपहर गेली माही, पन पैसा ज्यादा नाही घेतला.' आणि भांड्यात पाणी ओतून सगळ्यांना दाखवलं, 'देखा, एक थेंब नाही गळत.' खरोखर नाही गळला. इतकं इमानदार काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. गोदाबाई पदर तोंडाला लावून हलत होत्या, रडताहेत की काय म्हणून मी आणखी हबकलो. त्या हसत होत्या.

पुढचं कसं लिहू? बघायला आलेला मुलगा बाह्या सरसावून आमच्या चुलीपाशी बसला. त्यानं भांडं सांडशीत धरून तापवलं, डाग मऊ झाले की आपटून काढायचे. जी भोकं हटून बसली त्यांच्यासाठी त्याला टोकदार काहीतरी हवं होतं. शोभा आत गेली आणि माझ्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन आली. दाखवायची मुलगी, नवी साडी, कपाळाला काजळी, आणि समोर बसून एकेक भोक मोकळं करतेय! तो उजेडाकडे धरतो, ती टोचते. इकडे मी आणि शारदा हातात पोह्यांच्या बश्या घेऊन उभे. असा कार्यक्रम आपल्या कुळात झालेला नाही. शेवटी त्यांचं भांडण जुंपलं. तो म्हणाला, एकशे सात. ती म्हणाली, 'एकशे आठ. तुम्ही कडेचं एक सोडलंत.' तो म्हणाला, मी इंजिनियर आहे. ती म्हणाली, मी रोज चाळीस पोरींची हजेरी घेते. मी डोक्याला हात लावला. गेलं, म्हटलं, तिसरंही गेलं.

मग बाळकृष्णाचं छत्र उतरवलं, पूड दाबली, पाणी ओतलं. सगळे फिल्टरवर वाकलो. आणि खाली टप्प असा आवाज झाला. ताई, खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अनंतनं कॉफी हातभर उंचीवरून या पेल्यातून त्या पेल्यात ओतली, थेंब सांडला नाही. चव? कडू. कडूनं बुजवलं ते बरंच केलं होतं असं क्षणभर वाटण्याइतकी कडू. चारच्या गाडीनं मंडळी गेली. दारात गोदाबाई काय म्हणाल्या असतील? 'कळवतो.'

असो. तात्पर्य, कॉफी हे आपलं पेय नव्हे. हा फिल्टर तू परत ने, माझ्या डोळ्यांसमोर नको. मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, कंबर बरी झाली की वाढवावा.

तुझा,
प्रभाकर

ता. क. पुडीचा डबा संपत आलाय. पौंडभर पाठवून दे. रविवारपासून सकाळी शोभा दोन पेले करते, एक तिचा, एक माझा, आणि आम्ही ओट्यावर बसून पितो. सवय लागली म्हणून नव्हे, पूड वाया जाऊ नये म्हणून.

ता. क. २. आता खरं काम. शुक्रवारी, म्हणजे मंडळी यायच्या दोन दिवस आधी, मी डब्यावरचा पत्ता पाहून त्या दुकानदाराला एक कार्ड लिहिलं. उघडं कार्ड. त्यात 'लबाड', 'पितळेचे ठोकळे विकणारे' आणि 'तुमच्या घरच्यांनाही हेच पाजता काय' अशी वाक्यं आहेत. शेवटच्या वाक्यातले घरचे म्हणजे गोदाबाई निघाल्या! त्यांच्याच तोंडून कळलं की भाऊ आठवड्याचं टपाल शनिवारी एकदम वाचतो. ताई, पाया पडतो (कंबर असूनही), हे पत्र मिळताच दुकानात जा, टपालात हात घाल आणि ते कार्ड काढ. चोरी म्हण, काही म्हण. शोभेला यातलं माहीत नाही. तिनं यावेळी वह्या तपासायला घेतल्या नाहीत ताई, ती टपालवाल्याची वाट बघते.

ता. क. ३. वन्सं, नमस्कार. हे तिकीट आणायला गेलेत तेवढ्यात लिहिते. दुकानात जाऊ नका. ते कार्ड यांनी माझ्याकडे टाकायला दिलं होतं, ते तांदळाच्या डब्यात आहे. रागात लिहिलेलं यांचं टपाल मी लग्न झाल्यापासून तिथंच टाकते. आज दुपारी नेपानगरहून माझ्या नावे दोन ओळींचं पत्र आलं: 'आईच्या फिल्टरची भोकं मोजली. एकशे आठ. त्यांचंच बरोबर. आई विचारते, साखरपुड्याला केव्हा येऊ?' शोभेनं ते चार वेळा वाचलं आणि माझ्या हाताला हात लावून गेली. यांना अजून सांगितलेलं नाही. फिल्टर मात्र मी धुऊन, पुसून तिच्या ट्रंकेत ठेवलाय. उद्या सकाळी हे पेला घेऊन ओट्यावर बसतील आणि फिल्टर कुठंय म्हणून विचारतील, तेव्हा सांगेन. आमच्यासाठी एक दुसरा पाठवा. पेला आता एकच लागेल.

सौ. शारदा