हनुवटीवरचा तीळ

मंगळवार, १२ फेब्रुवारी १९७४

काल लिहिले की रेडिओवरच्या माझ्या निवेदनामुळे हरवलेली बाई सापडली. चूक. ती हरवलीच नव्हती.

आज तिची बहीण आकाशवाणी केंद्राच्या फाटकाशी आली. "हनुवटीवर तीळ म्हणणारी तूच का वं? सासरी मारत होते, म्हणून जरीपटक्याले माह्याकडं लपली होती. तुह्यं ऐकून आमच्या गल्लीतल्या दुकानदारानं तिच्या सासऱ्याले सांगतलं. ओढत नेली परत सासरी, मौद्याले."

तीळ मी दोनदा वाचला होता. सावकाश, आईने घरी शिकवले तसा स्पष्ट.

"आता कशी आहे?" मी विचारले.

"रेडिओवरच विचार ना!"

ती पळाली असेल, हे माझ्या मनातही आले नाही. तीळ तेवढा नीट वाचला.

बहिणीला थांबवून सांगितले आहे: परवा, गुरुवारी, पहिल्या बसने मी तिच्याबरोबर मौद्याला जाणार.