सहा घड्याळं, एकच वेळ

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०

आजपासून रोजनिशी. नातीची गेल्या वर्षीची डायरी अर्धी कोरी निघाली. वार चुकीचे छापलेत, ते खोडून लिहायचे. मी चौथी पास. अक्षर मोठं येतं. एका पानात दोन-तीनच विचार मावतात, पण मोठे.

दुकानात बसून लिहितेय. सूनबाईला ऑफिसात नोकरी लागली, म्हणून सकाळी दुकान उघडायचं काम माझ्याकडे आलं. छोटू (वय सेहेचाळीस, पण माझा मुलगा तो माझा छोटूच) सकाळी लोकांच्या घरी जाऊन मोठी घड्याळं दुरुस्त करतो आणि अकराला येतो. तोवर दुकानाची मालकीण मी. तो म्हणाला, आई, कुणी घड्याळ आणलं तर नाव लिहून ठेव, मी आल्यावर बघतो. म्हटलं बरं.

तेच. १०.३०

कुणी आलं नाही. हल्ली सगळे फोनमध्ये वेळ बघतात. शाळेच्या मोठ्या बाईंनी मात्र चावीची सहा भिंतीवरची घड्याळं दिलीत. नीट झाली तर शाळेतली बत्तीसच्या बत्तीस घड्याळं वर्षभर आपल्याकडे. नाही झाली तर छोटू दुकानाला कुलूप लावून मेहुण्याच्या मोबाइलच्या दुकानात काउंटरवर उभा राहणार. मेहुणा त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. त्याच्या लग्नात नवरदेवाला छोटूने कडेवर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आता त्याला साहेब म्हणायचं? ह्यांनी काढलेलं दुकान. मी बसलेली असताना बंद होणार नाही. ठरलं.

४ मार्च, मंगळवार

नातीने फोनवर व्हिडिओ दाखवला. छोटा धंदा मोठा करायच्या सोप्या युक्त्या. सांगणारा मुलगा कोटात, दाढी कोरलेली, एका दमात बोलतो. एकूण दहा युक्त्या होत्या. दोन ऐकल्या आणि नातीची कॉलेजची वेळ झाली. दोन पुरे. माणसाने झेपेल तेवढंच घ्यावं.

युक्ती पहिली: गिऱ्हाइकाशी आपुलकीने बोला.

सकाळी दहाला एक गृहस्थ आले, मनगटी घड्याळ बंद पडलेलं. मी आपुलकीने बोलले. घरी कोण कोण, गुडघे कसे आहेत, मुलीचं जमलं का. मुलीचं जमून मोडलं होतं. मग माझ्या मावशीच्या मुलीचंही कसं मोडलं होतं आणि पुढे सोन्यासारखा नवरा कसा मिळाला, ते सांगितलं. गृहस्थांचे डोळे भरून आले. पावणेअकराला उठून गेले. घड्याळ द्यायचं विसरले. पण नातं जोडलं गेलं. पैसा काय, आज आहे उद्या नाही.

५ मार्च, बुधवार. १०.३०

युक्ती दुसरी: आपलं दुकान गिऱ्हाइकाच्या नजरेने बघा.

रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पदर डोक्यावरून घेतला, म्हणजे मला मीच ओळखायला नको. आत बघते तर काय! भिंतीवर शाळेची सहा घड्याळं आणि सहांच्या सहा तऱ्हा. एकात साडेनऊ, एकात नऊ एकतीस, एक तर पावणेदहाकडे निघालेलं. आता मला सांगा, ज्या डॉक्टरला स्वतःलाच खोकला, त्याच्याकडे कोण जाईल? आणि घरच्यांना कळू नये, दुकान का चालत नाही ते!

प्रत्येक घड्याळामागे एक चिठ्ठी आहे, दवाखान्यात खाटेला तापाचा कागद असतो तशी. छोटू रोज अकराला फोनमधली वेळ बघून पेन्सिलीने लिहितो. तीन मिनिटं पुढे. चार मागे. लिहितो आणि मान हलवतो. लिहून ताप उतरतो का?

नातीच्या जुन्या फोनमधली वेळ बघून सगळी लावून टाकली. मागे पडलेल्यांचे काटे पुढे केले. पुढे गेलेल्याचा काटा मागे फिरवायचा नसतो, हे लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. म्हणून त्याचा लंबक बोटाने धरून ठेवला, फोन त्याला गाठेपर्यंत. मुलांना दम धरायला लावायचे तसा. पाऊण तास लागला. बोट अवघडलं.

छोटूला सांगणार नाही. गुप्त दान मोठं असतं.

६ मार्च. १०.०५

आज नऊलाच येऊन पुन्हा सगळी लावली. पहिल्यांदा सहाही घड्याळांनी एकदम दहाचे टोल दिले. काय तो थाट! शेजारचे चष्मेवाले धावत आले, काय झालं, काय कोसळलं. म्हटलं, काही कोसळलं नाही, धंदा वाढतोय. त्यांच्या हातून एक काच पडली म्हणे. उगीच नाकाने कांदे सोलणारा माणूस.

तेच. ११.२०

छोटू आला. चिठ्ठीवर लिहिलं: शून्य. सहाही शून्य. दोनदा फोन बघितला. खुर्चीवर बसला, पुन्हा उठून बघितलं. मी डोळे मिटून जप केला. जप कसला, हसू आवरत होते.

८ मार्च

शून्य.

१० मार्च, सोमवार

शून्य. छोटू सूनबाईला फोनवर सांगत होता, अगं, लंबकाखालचा स्क्रू मी फक्त अर्धा आटा फिरवला होता, एवढं अचूक बाबांनाही कधी जमलं नाही. ऐकून ऊर भरून आला. मुलाचा आत्मविश्वास वाढवणे ही युक्ती त्या कोटवाल्याच्या दहांत असेल का? नसली तर त्याला कळवायला हवी.

आज गिऱ्हाईक एकच. मी आपुलकीने बोलले. त्यांना घाई होती, पुढच्या दुकानात गेले.

१३ मार्च, गुरुवार

छोटूने सहा घड्याळं शाळेत पोहोचवली, चिठ्ठ्यांसकट. मोठ्या बाई म्हणाल्या, वा, आठ दिवस शून्य? परीक्षा आटोपल्या की वर्षाच्या कराराचा कागद करू. परत येताना छोटू शीळ घालत आला. सात वर्षांत ऐकली नव्हती.

भिंत ओकीबोकी वाटते. सकाळी करायला काही नाही.

२४ मार्च, सोमवार. दुपारी १

लिहायला हात होत नाही. थोडक्यात लिहिते.

मोठ्या बाई स्वतः आल्या. रिक्षातून. शिपायाच्या हातात दोन पिशव्या, त्यांत सहा घड्याळं. म्हणाल्या, पाचवी अ चा पेपर अठरा मिनिटं आधी काढून घेतला गेला आणि पाचवी ब मध्ये मुलं वीस मिनिटं जास्त लिहीत बसली. पालक फाटकाशी उभे आहेत. छोटू म्हणाला, बाई, आठ दिवस माझ्या भिंतीवर होती, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. तेव्हा बाईंनी चिठ्ठ्या काउंटरवर मांडल्या, पत्ते मांडावेत तशा. म्हणाल्या, काम चुकलं तर मी समजू शकते. पण न बघता शून्य लिहायचं? खोटं?

छोटूला घाम फुटला. एकेक चिठ्ठी उचलून बघत राहिला.

घड्याळं बनवणाऱ्यांनी हल्ली सगळंच हलकं केलंय. किंवा शाळेत धूळ फार. मुलं आदळआपट करतात.

२५ मार्च, मंगळवार

छोटू आज घरोघरी गेला नाही. कालच त्याने घड्याळं परत टांगली होती. साडेनऊला माझ्याबरोबर दुकानात आला आणि म्हणाला, आई, मी नसताना सकाळी तू इथे काय काय करतेस, तसंच कर बघू.

मला वाटलं, कौतुक करणार. गुप्त दान तरी किती दिवस गुप्त ठेवायचं? काटे फिरवले, लंबक धरला, रस्त्यावर उभं राहून बघायची गोष्टही सांगितली. कोटवाल्याचं नावही घेतलं, आयत्या श्रेयावर डल्ला नको.

छोटूने काउंटरवर डोकं टेकलं. खांदे हलत होते. हसत होता की कसं, कळलं नाही. मग हळू आवाजात म्हणाला, आई, घड्याळ चुकतं किती, ते बघायलाच ती तिथे टांगलेली असतात. रोज किती चुकतं ते कळलं की तेवढा स्क्रू फिरवायचा. तू चूकच पुसून टाकत होतीस. मी काय दुरुस्त करणार?

मग म्हणाला, जाऊ दे. उद्या मेहुण्याला फोन करतो.

म्हटलं, थांब. घड्याळाचं मला कळत नसेल. पण माझ्या पोराला खोटारडा म्हणाल्या, ते मला कळतं. चप्पल घातली.

तेच. दुपारी ३

शाळेत जाऊन आले. मोठ्या बाईंच्या खोलीत बसले. सुरुवातीपासून सांगितलं, म्हणजे लग्न होऊन आले तिथपासून. बाईंनी तीनदा मनगटाकडे बघितलं. म्हटलं, बघा बघा, तेही मागे असेल, पण मी हात लावणार नाही. लंबक कसा धरायचा ते हवेत बोट धरून दाखवलं. शिपाई दाराबाहेर तोंडावर रुमाल धरून उभा. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, आजी, म्हणजे तुम्ही रोज पाऊण तास उभ्या होतात? म्हटलं, मग? धंदा वाढवायचा तर उभं राहावं लागतं.

बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, तुमच्या मुलाला सांगा, अजून आठ दिवस. खरे आकडे लिहून आणा, पाच मिनिटं असली तरी चालतील, पण खरी. आणि तुम्ही मात्र...

पुढचं मी इथे लिहीत नाही. बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतं.

२ एप्रिल, बुधवार

दुकानात गेले नाही. सूनबाईने ऑफिसात सांगून आठ दिवस सकाळची सुट्टी घेतली, ती बसते. दोन मागे, एक पुढे, एक मागे, शून्य, शून्य, शून्य, असं ती संध्याकाळी वाचून दाखवते. शून्यं कमी आहेत माझ्यापेक्षा. बोलले नाही.

आठ दिवसांत दुरुस्तीला अकरा घड्याळं आली. सूनबाई कुणाशी काही बोलत नाही म्हणे. नाव लिहिते आणि पावती देते. कसं होणार आपुलकीचं.

५ एप्रिल, शनिवार

कागद झाला! शाळेची बत्तीस घड्याळं, वर्षभर! छोटूने मेहुण्याला फोन केला तो नाही म्हणायला. मी स्पीकरवर टाकायला लावला.

नातीने कागद मोठ्याने वाचून दाखवला. तीन कलमं. तिसरं असं: दुरुस्तीच्या कालावधीत कारागिराच्या आईने घड्याळांना हात लावू नये, कारागिराच्या आईने सकाळी दुकान उघडू नये, आणि कारागिराच्या आईस हे वाचून दाखवावे. खाली शाळेचा शिक्का.

छोटूचं नाव कागदावर एकदाच आलंय. माझा उल्लेख तीनदा. ह्यांनी चाळीस वर्षं दुकान चालवलं, शिक्क्याच्या कागदावर कधी एक अक्षर नाही.

७ एप्रिल, सोमवार. सकाळी ९.४०

घरी. दुकान छोटूने उघडलं असेल.

नातीने कॉलेजला जाता जाता विचारलं, आजी, धंदा वाढवायची आज कुठली युक्ती? म्हटलं, तीच चालू आहे. घरी बसलेय ना.